कपाटातले ‘पार्कर ५१’ पुन्हा लिहिते होऊ शकते

शाईच्या पेनांचे शौकीन एकत्र आले, की निब कोणती चांगली आणि शाई कोणती, यावर वाद रंगतात. मात्र एका पेनाचे नाव निघाले, की बहुतेकांचे सूर जुळतात. ते नाव म्हणजे ‘पार्कर ५१’. या पेनावर नक्षीकाम नाही, डोळ्यांत भरणारी मोठी सोनेरी निब नाही. तरीही ऐंशीहून अधिक वर्षे त्याने रसिकांना बांधून ठेवले आहे. अनेक घरांत आजोबांचे हे पेन कपाटात पडून असते. ते निरुपयोगी ठरवण्यापूर्वी त्याचे वैशिष्ट्य जाणून घेणे उचित ठरेल.

अमेरिकेतील जेन्सव्हिल येथे १८८८ मध्ये पार्कर कंपनी स्थापन झाली. १९३९ मध्ये कंपनीने एक्कावन्न वर्षे पूर्ण केली, तेव्हा या पेनाची जडणघडण सुरू होती. त्यावरून त्याला ‘५१’ हे नाव मिळाले. १९४१ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आले. लिहिलेले ओले अक्षर टिपकागदाने टिपण्याचा तो काळ. कागदावर चटकन वाळणारी शाई कंपनीने तयार केली होती. पण ती इतकी तीव्र होती, की इतर पेनांचे भाग तिने खराब होत. म्हणून ‘५१’साठी ल्युसाइट हे टिकाऊ प्लास्टिक निवडण्यात आले.

झाकलेल्या निबेचे रहस्य

चटकन वाळणारी शाई निबेवरही वाळणार, हा पुढचा प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून निब नळीच्या आकाराची करून आवरणाखाली झाकण्यात आली. बाहेर दिसते ते केवळ टोक. निबेभोवती बारीक खाचांचा एक भाग असतो. हाताच्या उबेने आतील हवा प्रसरण पावली, की जादा शाई या खाचांत साठते आणि कागदावर डाग पडत नाही. लिहिता लिहिता विचारात गढून थोडा वेळ थांबले, तरी पुढचे अक्षर विनासायास उमटते. शौकिनांना मोह पडतो तो याच गुणाचा.

बॉलपेनातील घट्ट शाई कागदावर उतरण्यासाठी गोळी दाबून फिरवावी लागते. शाईच्या पेनात मात्र पातळ शाई निबेच्या चिरेतून केशाकर्षणाने आपसूक कागदाकडे ओढली जाते. त्यामुळे जोर द्यावा लागत नाही आणि हातही कमी थकतो. ज्यांनी शाळेत चिनी ‘हीरो’ पेन वापरले, त्यांना झाकलेल्या निबेची ही घडण परिचित असेल. ती ‘पार्कर ५१’वरूनच घेतलेली होती.

जुने पेन कसे जपावे?

१९४८ पासून या पेनात धातूच्या आवरणातील, दाबपट्टीने भरण्याची पारदर्शक पिशवी आली. ही पिशवी इतकी टिकाऊ, की सत्तर वर्षांनंतरही अनेक पेनांत ती शाबूत आढळते. असे पेन रात्रभर साध्या पाण्यात निब बुडवून ठेवावे आणि पट्टी दाबत पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. त्याआधीच्या पेनांतील रबरी पडदा मात्र कालांतराने कडक होतो. तो बदलण्यासाठी जाणकार कारागीरच हवा.

काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. गरम पाणी वापरू नये. स्पिरिटने ल्युसाइटला तडे जाऊ शकतात, म्हणून तेही टाळावे. निबेवरचे आवरण ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. चित्रकलेची पक्की काळी शाई आत वाळली, तर पेन कायमचे तुंबू शकते. फाउंटन पेनाची साधी शाईच भरावी.

कंपनीने २०२१ मध्ये ‘५१’ नव्या रूपात आणले. मूळ पेनाचे टोपण सहज ओढून निघे, नव्याचे फिरवून काढावे लागते. जुन्या चाहत्यांना हा फरक खटकतो. सुदैवाने मूळ पेने मोठ्या संख्येने तयार झाली होती आणि त्यांतील कित्येक आजही लिहू शकतात. शाईचे पेन पडून राहिल्याने अधिक बिघडते. रोज चार ओळी लिहिणे, हीच त्याची उत्तम निगा होय.