सागरी आधारसामग्रीच्या फायलींतील मिती व चल : अँटॉप हिललगतच्या खाडीच्या संदर्भात

प्रस्तावना

अँटॉप हिल, वडाळा व शिवडी या परिसरातील सखल भागांत साचलेल्या पावसाच्या पाण्याचा निचरा केवळ पावसाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. पूर्वेकडील खाडीत त्या वेळी भरती आहे की ओहोटी, यावरही तो ठरतो. मुंबईत अपोलो बंदर येथील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. अशा नोंदी पुढील पिढ्यांना उपयोगी पडावयाच्या असतील, तर आकड्यांसोबत त्यांची वेळ, स्थळ व संदर्भ पातळीही जपावी लागते. संगणकीय फाइलीत हे कसे साधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मिती व चल

सागरविज्ञानात ‘नेटसीडीएफ’ ही फाइलपद्धती सर्वत्र रूढ आहे. तिचे तीन घटक आहेत : मिती, चल व गुणधर्म. मिती म्हणजे मोजणीचा अक्ष व त्यावरील नोंदींची संख्या; चल म्हणजे प्रत्यक्ष मोजलेली राशी; आणि गुणधर्म म्हणजे त्या राशीचे एकक, प्रमाण नाव इत्यादी वर्णन. हे वर्णन कसे लिहावे याचे ‘सीएफ’ संकेत २००३ मध्ये प्रथम निश्चित झाले.

समजा, एखाद्या महाविद्यालयाने शिवडी-माहुल खाडीत ३ ठिकाणी, ५ खोल्यांवर, २४ तास दर तासाला तापमान व क्षारता मोजली. येथे वेळ, खोली व स्थानक या तीन मिती होत. तापमान तिन्हींवर अवलंबून असल्याने त्याच्या २४ × ५ × ३ = ३६० नोंदी होतात. पाण्याची पातळी खोलीवर अवलंबून नसते. तिच्या नोंदी ७२. अक्षांश केवळ स्थानकावर अवलंबून; त्याचे आकडे ३. राशी कशावर अवलंबून आहे, एवढा एकच प्रश्न विचारल्यास फाइलीची रचना आपोआप ठरते.

संभाव्य चुका

पहिली चूक वेळेची. भारतीय व जागतिक प्रमाणवेळेत साडेपाच तासांचे अंतर आहे, तर मुंबईत भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी येते. कोणती प्रमाणवेळ वापरली हे न लिहिल्यास भरतीची नोंद जवळजवळ ओहोटीच्या जागी जाऊन बसते.

दुसरी चूक रिक्त नोंदींची. ओहोटीत उथळ स्थानकावर खालच्या खोल्या उरतच नाहीत. तेथे शून्य भरल्यास क्षारता शून्य, म्हणजे गोडे पाणी, असा अर्थ होतो. पावसाळ्यात तो खराही वाटतो. म्हणून रिक्त नोंदीसाठी मोजणीत कधीही न येणारा आकडा ठरवून तो गुणधर्मात नोंदवावा.

तिसरी चूक खोलीची. मोठ्या भरतीला येथील पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते. त्यामुळे खोली हलत्या पृष्ठभागापासून मोजली की स्थिर संदर्भ पातळीपासून, हे स्पष्ट असावे.

समारोप

खाडीतील एका दिवसाची मोजणी पुन्हा करता येत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांनी नौकेत पाऊल ठेवण्यापूर्वीच मिती व चल यांचा तक्ता तयार असणे, ही मार्गदर्शक प्राध्यापकांची जबाबदारी ठरते.