बदलता काळ आणि संत्र्याचे आळे

काळाबरोबर माणसाने बदलावे, हे वचन आपण सर्वांनी ऐकले आहे. पांढुर्णा-सौंसर भागातील मराठी कुटुंबांना ते अनुभवाने कळले आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरऐवजी भोपाळ ही या भागाची राजधानी ठरली. कचेरीचा कागद हिंदीत आणि घरचे बोलणे मराठीत, ही सवय लोकांनी अंगी बाणवली. 2015 साली सौंसरमार्गे धावणारी नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वे बंद झाली व तिच्या जागी मोठा रेल्वेमार्ग आला. 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला.

हे बदल बाहेरून आले. परंतु काही बदल असे असतात की, ते माणसाने स्वतः मनावर घेतल्यावाचून होत नाहीत. संत्र्याच्या बागेला पाणी देण्याची रीत हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

झाडाच्या बुंध्याशी पाणी साचवावे, म्हणजे झाड तृप्त होते, अशी जुनी समजूत आहे. वस्तुतः अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली असतात. बुंधा सतत ओला राहिल्यास जमिनीतील बुरशी सालीत शिरते. साल कुजते, डिंक वाहू लागतो, पाने पिवळी पडतात आणि अखेर झाड वाळते. हाच डिंक्या रोग. पाटाच्या पाण्याबरोबर तो एका झाडाकडून दुसऱ्याकडे पसरतो व अनेक वर्षांची मेहनत वाया जाते.

यावर उपाय सोपा आहे. झाडाभोवती दुहेरी आळे करावे आणि दोन वरंब्यांमधील जागेतच पाणी द्यावे. बुंधा कोरडा राहील. ठिबक सिंचनाच्या तोट्याही बुंध्यापासून दूर ठेवाव्यात. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावावे. त्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे.

यात वडिलांच्या शिकवणीचा अनादर नाही. झाड जगवावे, हा त्यांचा हेतू होता. तो हेतू जपून रीत बदलणे, हीच काळाशी जुळवून घेण्याची खरी दृष्टी होय. शेतकरी बांधवांनी प्रथम चार झाडांवर हा प्रयोग करून पाहावा आणि फरक स्वतःच्या डोळ्यांनी पारखावा.