दीक्षाभूमीहून चिचोलीला

अशोक विजयादशमीला नागपूरला जाणारी आपली मंडळी दीक्षाभूमीला वंदन करतात, पुस्तके-कॅलेंडर घेतात आणि थेट परतीची गाडी धरतात. रोजी बुडते, दोष कसा द्यावा? तरीही बंधु-भगिनींनो, आमची विनंती आहे, एक दिवस जास्तीचा काढा आणि लेकरांना चिचोलीच्या शांतिवनात घेऊन जा.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा समारंभाची व्यवस्था पाहणारे वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू इथे जपल्या. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडून त्या आल्या. कोट, टोपी, टाइपरायटर. पुतळ्याचा निळा कोट रोज पाहणाऱ्या पोराने खऱ्या कोटाची शिवण पाहिली, की ते काही वेळ बोलतच नाही.

पण कापडाला कसर लागते, दमट हवेत कागद कुजतो. तिथल्या वस्तूंवरही तज्ज्ञांकडून प्रक्रिया करून घ्यावी लागली. मग आपल्या घरातल्या ठेव्याचे काय? आजीने दीक्षेला नेसलेले पांढरे लुगडे, आजोबांचा फोटो पत्र्याच्या पेटीत तसेच पडून असतात. पाऊस ओसरला की पेटी उघडा. लुगड्याला सावलीत हवा द्या, कडक ऊन नको. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. हे आजी आहे तोवरच करा. आमच्या घरच्या एका फोटोत सात जण आहेत. त्यातल्या चौघांची नावे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.