हवा ओली, भिंत कोरडी

धिंगरी अळिंबीला घरातली एक रिकामी खोली पुरते. भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचं कुटार गरम पाण्यातून काढायचं, थरावर थर देत बियाणं भरायचं, बेड टांगायचे आणि साधारण तीन-चार आठवड्यांत पहिली तोडणी करायची. शेत नको, ऊन नको. पण या पिकाला ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते आणि आपल्या घरांच्या भिंती अशा हवेसाठी बांधलेल्या नसतात. काही महिन्यांत कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात, डिस्टेंपरला पोपडे धरतात आणि मग बेडवर हिरवी बुरशी दिसू लागते.

इथे अडचण नेहमीपेक्षा वेगळी आहे. अळिंबी ही स्वतःच एक बुरशी आहे. त्यामुळे खोलीभर बुरशीनाशक फवारलं, तर पिकालाही धोका आणि खाणाऱ्यालाही. एक बुरशी वाढवायची आणि बाकीच्यांना थारा द्यायचा नाही, हे काम औषधापेक्षा भिंतीनेच करायला हवं.

बुरशी धरायला चार गोष्टी लागतात: बीजाणू, उबदारपणा, अन्न आणि पाणी. बीजाणू हवेत सगळीकडे असतात. उबदारपणा अळिंबीलाच हवा असतो. आपल्या हातात उरतात फक्त अन्न आणि पाणी. भिंतीचा सगळा विचार या दोन गोष्टींभोवती करायचा.

ओल येते कुठून?

खोलीत २५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २२ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. डिसेंबरच्या रात्री पुण्या-नाशकाकडची बाहेरची भिंत याहून सहज थंड होते. म्हणजे कुठेही गळती नसताना भिंत ओली होते. पावसाळ्यात कारण वेगळं असतं. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो, तडे पाणी आत घेतात. जुन्या घरात जमिनीतली ओल जोत्यातून वर चढते.

कारण ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसलं, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसलं, तर ती हवेतून येते आहे. पहिल्या प्रकारात आधी बाहेरचे तडे, नळाची गळती, गच्चीचं पाणी यांचा बंदोबस्त करावा लागतो. आतून कितीही भारी रंग दिला तरी मागून येणारी ओल तो फुगवून पाडते. दुसऱ्या प्रकारात भिंत फार थंड होऊ द्यायची नाही आणि हवा हलती ठेवायची.

भिंतीवर काय असावं?

जुना डिस्टेंपर, प्लास्टर ऑफ पॅरिस, वॉलपेपर हे सगळं खरवडून काढा. डिस्टेंपरमधलं बंधनद्रव्य आणि वॉलपेपरचा कागद ही बुरशीची मेजवानी आहे. जिप्सम पाण्याने मऊ पडतं आणि जिप्सम बोर्डाला दोन्ही बाजूंनी कागदच असतो. प्लायवूडचंही तेच. काळ्या डागांवर नुसता रंग फिरवू नका. ती जागा आधी ओली करून खरवडा, म्हणजे बीजाणू उडणार नाहीत. तोंडाला एन-९५ मास्क हवाच. ब्लीचिंगचं पाणी वापरलं, तर त्यात संडास साफ करायचं आम्ल चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

नवा गिलावा केला, तर त्याला किमान सात दिवस पाणी मारा आणि मग रंगाआधी महिनाभर सुकू द्या. भिंत आणि जमीन जिथे मिळतात, तिथे गवंड्याकडून गोलाई देऊन घ्या. गवंडी त्याला वाटा म्हणतात. काटकोनात पाणी आणि पेंढ्याचा चुरा साचतो, गोलाईत साचत नाही.

वरच्या थरासाठी आपल्याकडचा चुना अजूनही उत्तम आहे. ताज्या विरवलेल्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. इतक्या क्षारात बुरशी रुजत नाही. चुन्यात तिला खायला काही नसतं आणि भिंतीचा श्वासही तो कोंडत नाही. पण हा गुण कायमचा नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची पुन्हा चुनखडी होते आणि सामू उतरतो. दरवर्षी नव्याने सफेदी करण्याच्या जुन्या रिवाजामागे हेही एक कारण आहे. अळिंबीच्या खोलीत तर प्रत्येक हंगामानंतर हात फिरवावा. चुना अंगाला लागू नये म्हणून सफेदीत खळ किंवा डिंक घालायची पद्धत आहे, ती मात्र इथे टाळा. खळ म्हणजे पिठूळ अन्नच.

धुता येणारी भिंत हवी असेल, तर इपॉक्सी रंग किंवा छातीइतक्या उंचीपर्यंत टाइल्स चालतात. अट एकच, मागची भिंत पूर्ण कोरडी हवी. पीव्हीसीच्या पट्ट्या मारल्या की भिंत झाकली जाते खरी, पण पट्टीमागे ओल कोंडून बुरशी नजरेआड वाढते. फॉल्स सीलिंगचंही तसंच.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंतीला हातच लावू नये. पाइपांची चौकट उभारून जाड प्लास्टिकचा तंबू करावा, तो भिंतीपासून वीतभर लांब ठेवावा. ओलावा तंबूत राहतो, भिंत कोरडी राहते.

रोजची शिस्त

अळिंबीच्या शेडमध्ये भिंतींवर पाणी मारतात, ओलं गोणपाट टांगतात. घराच्या खोलीत तसं करू नका. पाणी जमिनीवर शिंपडा, फॉगरचं तोंड भिंतीकडे वळवू नका. गोणपाट वापरलंच, तर ते धुऊन कडक उन्हात वाळवत चला. बेड भिंतीला टेकू देऊ नका, हातभर अंतर ठेवा. आर्द्रतामापक एक बेडजवळ आणि एक भिंतीजवळ लावा. भिंतीजवळचा आकडा सतत ८० च्या वर राहिला, तर बुरशी येणारच. हिरवी बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. ती आधी पांढरी दिसते, मग हिरवी होते. तसा बेड दिसताच पिशवीत बांधून खोलीबाहेर काढा, खोलीत उघडू नका. दोन पिकांच्या मध्ये खोली रिकामी करून, धुऊन, दारं-खिडक्या उघडून पूर्ण सुकवा.

पंख्याने बाहेर फेकलेली हवा थेट घराबाहेर जायला हवी, बोळातून झोपायच्या खोलीत नव्हे. धिंगरीची छत्री पूर्ण उघडली की ती असंख्य बीजाणू सोडते. ते सतत श्वासात गेले, तर फुप्फुसांना सूज येऊ शकते. म्हणून कडा वर वळायच्या आत तोडणी करा, तोडताना मास्क लावा. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल, तर हे पीक राहत्या घरात घेऊच नका. अंगणातली वेगळी शेड बरी.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे. सुरुवात करण्याआधी अशा ठिकाणी प्रशिक्षण घ्या आणि तिथे खोलीबद्दलही विचारा. हातात थोडेच पैसे असतील, तर ते आधी भिंतीवर खर्च करा, बियाण्यावर नंतर. बेड बिघडला तर एक पीक जातं. भिंत बिघडली तर घराची हवा बिघडते, आणि ती घरातल्या सगळ्यांना रोज घ्यावी लागते.