३० इंचांचा बेस एकदा हातात घ्या

बेस गिटार वाजवून डावं मनगट भरून येत असेल, तर शॉर्ट स्केल बेसचा विचार जरूर करा. मी बदल केला आणि आता लांब बेसकडे हातच जात नाही.

फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला, तेव्हा नटपासून ब्रिजपर्यंतची तार ३४ इंच ठेवली. तेच माप रूढ झालं. शॉर्ट स्केलवर ही तार साधारण ३० इंच असते. चार इंचांनी केवढा फरक पडतो बघा: पहिल्या फ्रेटपर्यंतचं अंतर ४८ मिलिमीटरवरून ४३ वर येतं, आणि तीच तार त्याच सुरात लावली तर ताण सुमारे २२ टक्के कमी होतो. मंद्रातले सूर धरताना बोटं ताणावी लागत नाहीत.

शॉर्ट स्केल बेसमध्ये देखणेपणात जर्मनीचा हॉफनर ५००/१ पहिला. अंग व्हायोलिनसारखं, आतून पोकळ, वर स्प्रूस, पाठीला मेपल. उचलला की हलकेपणाचं नवल वाटतं. पॉल मॅकार्टनींनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतला तो हाच. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून डावखुऱ्या हातातही तो शोभला.

नामवंत बेसवादक जॅक ब्रूस यांचा गिब्सन ईबी-३ सुद्धा शॉर्ट स्केलच! तेव्हा याला ‘शिकाऊंचा बेस’ म्हणणं चुकीचंच आहे.

खर्जाची तार ढिली वाटली तर थोडी जाड लावा. तारा घेताना शॉर्ट स्केलच्याच मागा. आणि दुकानात बसून वाजवलात तरी पट्टा लावून, उभं राहूनही वाजवून बघा, मगच ठरवा.