सोळाव्या वर्षाचा हंगाम

ऑगस्ट संपत येतो, कॅनडातल्या ओंटारियोत ऊन अजून रेंगाळत असतं, आणि आमच्या किचनर शहरात मुलं यायला लागतात. सोळा-सतरा वर्षांची, खांद्यावर भलीमोठी बॅग, हातात स्टिक्सची जुडी. कुणी टोरांटोच्या उपनगरातून, कुणी मिशिगनमधून, एखादा थेट युरोपातून. ही किचनर रेंजर्सची मुलं. ज्युनियर आइस हॉकीतला हा संघ १९६३ पासून इथे आहे आणि त्याला कुणी एक मालक नाही. हंगामाची तिकिटं घेणारे गावकरीच संचालक मंडळ निवडतात. नोकरीनिमित्त या भागात आलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांनाही ही तिकिटं घेतली की संघ ‘आपला’ वाटू लागतो.

रेंजर्स ज्या ओंटारियो हॉकी लीगमध्ये खेळतात, तिच्यात २० संघ आहेत. त्यातले तीन सीमेपलीकडे, अमेरिकेत. खेळाडू साधारण १६ ते २० वयाचे. सप्टेंबरअखेर ते मार्च या काळात प्रत्येक संघ ६८ सामने खेळतो, निम्मे घरी, निम्मे बाहेर. हे वेळापत्रक मोठ्या माणसाला थकवणारं आहे. ते पेलणाऱ्यांपैकी बरेच जण सकाळी अकरावी-बारावीच्या वर्गात बसलेले असतात.

मुलं राहतात ‘बिलेट’ कुटुंबांकडे. संघ या घरांना महिन्याला थोडे पैसे देतो, पण तेवढ्यासाठी कुणी परका मुलगा वर्षभर घरात ठेवत नाही. आमच्या शेजारणीकडे दर हंगामात एक मुलगा असतो. सामन्याच्या दिवशी दुपारी तो पास्ता आणि चिकन खाऊन झोपतो, तेव्हा तिच्या घरी कुणी मिक्सर लावत नाही. त्याच्या परीक्षेची तारीख तिला पाठ असते. पहिल्या महिन्यात त्याला घरची आठवण येते, तेव्हा काही विचारायचं नाही, फक्त जेवताना समोर बसायचं, हे ती अनुभवाने शिकली आहे. कोल्हापूरच्या तालमीत चौदा-पंधराव्या वर्षी गाव सोडून आलेला पोरगा आणि हा मुलगा यांचं जगणं मला फार जवळचं वाटतं. अंगात ताकद येण्याआधीच दोघांच्याही अंगावर अपेक्षा येते.

माझी मुलगी संघाच्या स्टेडियमच्या, मेमोरियल ऑडिटोरियमच्या, संकुलातच स्केटिंग शिकते, त्यामुळे या खेळामागची मेहनत जवळून दिसते. काँक्रीटच्या फरशीखालून नळ्या जातात, त्यांतून अतिथंड खारं द्रावण फिरत असतं. त्या फरशीवर जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ. दोन सत्रांच्या मध्ये झाम्बोनी यंत्र पृष्ठभाग खरवडतं आणि वर पाण्याचा पातळ थर सोडतं. हे पाणी गरम असतं. ते खालच्या बर्फाला किंचित वितळवतं, मग दोन्ही एकजीव होऊन गोठतात.

पण खरी कलाकुसर स्केटच्या पात्याला धार लावण्यात आहे. पात्याच्या तळाशी मधोमध लांबलचक खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धारदार कडा. खाच खोल असेल तर कडा बर्फात रुतते, वळताना पकड मिळते, पण वेग खर्ची पडतो. उथळ असेल तर घसरण सुरेख, मात्र झटकन थांबताना पाय निसटण्याचा धोका. कोणाला किती खोल खाच हवी, हे साहित्य सांभाळणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतं. पक, म्हणजे खेळायच्या रबरी चकत्या, सामन्याआधी गोठवून ठेवाव्या लागतात, नाहीतर रबर उसळू लागतं. सामना संपला की घामाने जड झालेले पॅड वाळत घालायचे, जर्सी धुवायच्या, आणि बाहेरगावी जायचं असेल तर सगळं पुन्हा बॅगांमध्ये भरायचं. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण त्याच्याशिवाय एकही मुलगा बर्फावर उभा राहू शकत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी स्टेडियम भरतं. एका वेळी मुलगा बर्फावर जेमतेम पाऊण मिनिट असतो. तेवढ्यात सगळा जोर लावायचा, बाकावर परतायचं, धाप ओसरेपर्यंत पुढची पाळी आलेली असते. हे सगळं लांबून सोपं दिसतं. काचेला लागून बसलं की आदळण्याचा आवाज छातीत जाणवतो, आणि हेल्मेटच्या आतला चेहरा किती कोवळा आहे तेही दिसतं.

मग बाहेरगावच्या सामन्यांसाठी बस. सू सेंट मेरीच्या संघाकडे जायचा प्रवास सुमारे सातशे किलोमीटरचा, बराचसा हिमवर्षावातला. मुलं बसमध्येच जेवतात, अभ्यास करतात, झोपतात. कॅनडात ज्युनियर हॉकीची बस हा साधा विषय नाही. ६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवान प्रांतात हम्बोल्ट ब्राँकोज या संघाच्या बसची ट्रकशी टक्कर झाली आणि १६ जण गेले. त्या आठवड्यात देशभर लोकांनी दाराबाहेर हॉकी स्टिक्स उभ्या करून ठेवल्या होत्या. बर्फाच्या रात्री बस घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत बिलेट आया आजही जाग्या असतात.

हंगामाचा सर्वांत कठीण काळ माझ्या मते जानेवारीचा पहिला पंधरवडा. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत तेव्हा संपते. ज्या संघाला यंदा विजेतेपद दिसतं, तो अनुभवी खेळाडू मिळवतो आणि बदल्यात पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क देतो. कधीकधी हे हक्क तीन-चार वर्षांनंतरचे असतात. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची किंमत आज सहावी-सातवीत शिकणाऱ्या, अजून कुणालाच ठाऊक नसलेल्या मुलाच्या रूपात ठरते. निरोप आला की बॅग भरायची, बिलेट कुटुंबाचा निरोप घ्यायचा, नव्या गावी नव्या घरात शिरायचं. ओंटारियोतल्या शाळांचं पहिलं सत्र जानेवारीअखेर संपतं, त्यामुळे शाळकरी मुलाच्या बाबतीत हे ऐन परीक्षेच्या तोंडावर घडतं. शेजारणीकडचा मुलगा असाच एका दुपारी गेला. त्याच्या खोलीतली चादर तिने बरेच दिवस बदलली नव्हती.

ही मुलं विद्यार्थी आहेत की कामगार? खेळाडूंनी किमान वेतनासाठी न्यायालयात दावे केले. ओंटारियो सरकारने २०१८ मध्ये कायदा बदलून त्यांना त्या तरतुदींबाहेर ठेवलं. त्यांना मिळतो भत्ता, आणि शिष्यवृत्तीचं आश्वासन: खेळलेल्या प्रत्येक हंगामाबद्दल महाविद्यालयाच्या एका वर्षाची फी आणि पुस्तकं. जिथे हजारो तिकिटं विकली जातात, तिथे बर्फावरच्या मुलाचे श्रम ‘श्रम’ मानायचे नाहीत, हे मला पटत नाही. पण ती शिष्यवृत्ती नाममात्र आहे असंही मी म्हणणार नाही. अनेकांसाठी या लीगची सर्वांत टिकाऊ कमाई तीच असते.

१ ऑगस्ट २०२५ पासून आणखी एक दार उघडलं आहे. आधी या लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकी विद्यापीठांच्या हॉकीत, म्हणजे एनसीएएमध्ये, मज्जाव होता. पंधरा-सोळाव्या वर्षीच दोहोंपैकी एक वाट निवडावी लागे. आता इथे खेळून तिकडे जाता येतं. एवढ्या लहान वयात कायमचा निर्णय घ्यायला लावणारी अट गेली, ही मोठी गोष्ट आहे.

वसंतात बाद फेऱ्या सुरू होतात. दोन्ही विभागांतले आठ-आठ संघ, सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे. शेवटचं टोक मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ हा करंडक १९१९ मध्ये सुरू झाला. किचनरने तो १९८२ आणि २००३ मध्ये जिंकला. त्या चमूंतले काही जण पुढे एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये नावारूपाला आले आणि गाव त्यांची नावं अभिमानाने घेतं.

मला मात्र वीस वर्षांच्या त्या मुलांबद्दल बोलावंसं वाटतं, ज्यांना संघात ‘ओव्हरएज’ म्हणतात. प्रत्येक संघात अशा फक्त तीन जागा असतात. हा त्यांचा अखेरचा हंगाम. बहुतेकांना मोठ्या लीगचं बोलावणं येणार नाही, आणि ते त्यांना कळलेलं असतं. तरी सरावाला सगळ्यांत आधी तेच येतात, नव्याने आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला बसमध्ये शेजारी बसवून घेतात. चार-पाच वर्षं या मुलांनी गावाला हिवाळ्याच्या रात्री दिल्या. त्यांना धड शिक्षण, सांभाळलेलं शरीर आणि स्वतःबद्दलचा आदर घेऊन इथून जाता आलं, तर लीग यशस्वी झाली. ते जमलं नाही, तर भिंतीवरच्या करंडकांना माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.