लसूण जंतूंचा संवाद तोडतो तेव्हा

सकाळी दातांवर लागणारा बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्म, चिकट आवरणात एकवटलेली जंतूंची वसाहत. स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जंतू असाच थर जुनाट जखमांत धरतो आणि तिथं भलीभली प्रतिजैविकं थिटी पडतात. हे जंतू रासायनिक संदेश सोडून आपलं संख्याबळ अजमावतात आणि पुरेसे जमले की एकदम विषारी द्रव्यं बनवू लागतात. लसणातलं अजोइन नावाचं द्रव्य हे संदेशवहनच दाबतं, असं डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. मला विलक्षण वाटतं ते पुढचं: आपल्या पांढऱ्या पेशींना मारणारं रॅम्नोलिपिड जंतू मग फारसं बनवत नाहीत, आणि टोब्रामायसिन हे प्रतिजैविकही थरावर जास्त प्रभावी ठरतं. लसूण ठेचल्यावर ॲलिसिन बनतं, त्यापासून अजोइन. जखमेवर कच्चा लसूण मात्र चोळू नका, कातडी भाजते!